अकिलीस टेंडनची तपासणी: टाचेमागच्या दुखण्याचं निदान हाताने कसं करावं

टाचेच्या मागे दुखतं म्हणून पेशंट आला की पहिल्याच भेटीत एमआरआयची चिठ्ठी लिहिली जाते. बहुतेक वेळा तिची गरज नसते. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड शीर, कातडीच्या अगदी लगेच खाली असते. वर स्नायू नाही, चरबीचा जाड थर नाही. शरीरातली इतकी जाड आणि इतकी हाताशी असलेली दुसरी शीर नाही. दोन बोटं, मोजपट्टी, बॉलपेन आणि वीस मिनिटांचा निवांत वेळ एवढ्यावर बहुतेक पेशंटचं निदान होतं. हा लेख फिजिओथेरपीच्या इंटर्नसाठी, ऑर्थोच्या ओपीडीत नव्याने बसलेल्या ज्युनियर डॉक्टरांसाठी आणि नुकतीच जनरल प्रॅक्टिस सुरू केलेल्यांसाठी आहे.

तपासताना दोनच प्रश्न डोक्यात ठेवा. शीर तुटली आहे का? तुटली नसेल तर नेमकं कुठे दुखतं, हाडापासून किती सेंटीमीटरवर? पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी मिळालं पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे तीन महिने कोणता व्यायाम द्यायचा ते ठरतं.

बोटाखाली काय आहे

पोटरीचे दोन मोठे स्नायू मिळून ही शीर बनते. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतो. आतला सोलियस गुडघ्याच्या खालून सुरू होतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे काही चाचण्या गुडघा सरळ ठेवून आणि काही वाकवून का करायच्या, ते यावरूनच समजतं. टेंडनची लांबी साधारण १५ सेंमी. खाली येताना तिचे तंतू पिळ्यासारखे वळतात आणि टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूला चिकटतात. चिकटण्याच्या जागेपासून वर २ ते ६ सेंमीच्या पट्ट्यात रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो. झिजेचं दुखणं सर्वांत जास्त इथेच होतं आणि शीर तुटतेही बहुधा इथेच.

या टेंडनला खरं म्हणजे वंगणाचं आवरण नसतं. भोवती पॅराटेनॉन नावाचा पातळ, सरकता पापुद्रा असतो. टेंडन आणि टाचेचं हाड यांच्या मध्ये पाण्याची एक छोटी पिशवी असते, तिला रेट्रोकॅल्केनियल बर्सा म्हणतात. दुसरी पिशवी टेंडनच्या मागे, कातडीखाली असते. आतल्या कडेला प्लँटारिस या छोट्या स्नायूची दोऱ्यासारखी बारीक शीर खाली उतरते, तर बाहेरच्या कडेला सुरल नर्व्ह टेंडन ओलांडून जाते. या प्रत्येकाचं दुखणं पेशंट ‘टाचेच्या मागे’ याच दोन शब्दांत सांगतो.

पेशंटला हात लावण्याआधी सहकाऱ्याच्या पायावर सराव करा. टेंडन चिमटीत धरून खाली या. जिथे रबरासारखी लवचीक शीर संपते आणि टणक हाड लागतं, तिथे पेनाने आडवी रेघ मारा. तिथून वर २ सेंमी आणि ६ सेंमीवर आणखी दोन रेघा. पुढची सगळी मोजमापं या पहिल्या रेघेपासूनच घ्यायची आहेत.

खोलीतली तयारी

दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत उघडे हवेत. अरुंद बुंध्याची जीन्स किंवा चुडीदार कितीही ओढली तरी पोटरीवर अडकते आणि वरचा अर्धा भाग न बघताच राहतो. म्हणून खोलीत एक सैल हाफ पँट किंवा लुंगी आणि आडोशाला पडदा ठेवा. पलंग असा हवा की पालथं झोपल्यावर दोन्ही पावलं कडेबाहेर मोकळी लोंबकळतील. पाऊल गादीवर टेकलेलं असेल तर पुढच्या निम्म्या चाचण्या खोट्या ठरतात. मोजपट्टी, स्किन मार्कर, कोन मोजायचा गोनिओमीटर, रिफ्लेक्स हॅमर आणि बीपीचं यंत्र जवळ घ्या. चपला-बूटही बाहेर ठेवायला सांगू नका, ते बघायचे आहेत.

काय विचारायचं

पहिला प्रश्न एकच: दुखणं एका क्षणी सुरू झालं की हळूहळू वाढत गेलं?

एका क्षणी म्हणाले तर पुढे ऐका. ‘मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून बघितलं तर कुणीच नव्हतं.’ ‘बॅडमिंटन खेळताना पुढे झेपावलो आणि कडकन आवाज आला.’ असं वाक्य आलं की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवा आणि थेट तुटल्याच्या चाचण्यांकडे जा. या पेशंटला चवड्यांवर उभं करू नका, उडी तर मारायला लावूच नका. अर्धवट तुटलेली शीर तुमच्या डोळ्यांसमोर पूर्ण तुटेल.

हळूहळू सुरू झालं असेल तर सकाळचं विचारा. ‘काका, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं कशी पडतात? किती मिनिटांनी मोकळं होतं?’ टेंडिनोपथीत, म्हणजे टेंडनच्या झिजेच्या दुखण्यात, पाच-दहा मिनिटं आखडल्यासारखं वाटतं, मग चालता चालता सैल होतं. धावणाऱ्यांना सुरुवातीला दुखतं, मध्ये बरं वाटतं, थंड झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धरतं. दुखणं बळावलं की मधला बरा टप्पाही नाहीसा होतो.

मग गेल्या महिना-दोन महिन्यांत पायावरचा भार कशाने बदलला ते खोदून विचारा. पोलीस भरतीच्या तयारीत मुलं १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव एकदम सुरू करतात, तोही डांबरी रस्त्यावर आणि पातळ तळव्याच्या बुटांत. वारीत एरवी न चालणारी माणसं रोज मैलोन्‌मैल चालतात. गड चढणं, नवीन नोकरीत दिवसभर उभं राहणं, उंच टाचेच्या सँडलवरून एकदम सपाट चपलेवर येणं, ही सगळी कारणं खरी आहेत. ‘काहीच बदललं नाही’ हे पहिलं उत्तर मान्य करू नका. आठवड्याचा हिशेब दिवसवार मांडायला लावा.

औषधांचा प्रश्न सर्वांत जास्त सुटतो आणि तोच सुटता कामा नये. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या फ्लुरोक्विनोलोन गटातल्या गोळ्यांनी अकिलीस टेंडन सुजू शकते आणि तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २००८ मध्ये यासाठी ठळक चौकटीतला इशारा बंधनकारक केला. वय साठच्या पुढे असेल किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. आपल्याकडे जुलाब लागले की ओफ्लॉक्सासिनची जोडगोळी मेडिकलमधून सहज आणली जाते आणि पेशंट तिला ‘औषध’ म्हणून मोजतही नाही. म्हणून ‘गेल्या काही महिन्यांत जुलाबासाठी, लघवीच्या जळजळीसाठी काही घेतलं का?’ असं विचारा आणि पाकीट दाखवायला सांगा. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारात लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा टीबीचंही विचारा. ती औषधं आपण परस्पर बंद करायची नाहीत, टीबीच्या डॉक्टरांना कळवायचं. दम्यासाठी स्टेरॉइड, सांधेदुखीसाठी कुणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या आणि पूर्वी त्याच जागी घेतलेलं इंजेक्शन, हेही नोंदवा.

मधुमेह, कोलेस्टेरॉल, गाऊट आणि मूत्रपिंडाचा आजार यांची चौकशी करा. तरुण माणूस, दोन्ही टाचा, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त, पहाटे कंबर दुखून जाग येणं, अंगावर सोरायसिसचे चट्टे, मध्येच डोळा लाल होणं: यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर हा टेंडनचा अतिवापर नाही, हा स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस, म्हणजे मणका आणि सांधे धरणारा संधिवात, असू शकतो. त्याला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा.

उभं करून बघणं

अनवाणी, तुमच्याकडे पाठ करून, दोन्ही पावलांवर सारखा भार. तुम्ही खाली बसा, डोळे टाचेच्या उंचीवर येऊ द्या. निरोगी टेंडनच्या दोन्ही कडा धारदार दिसतात आणि त्यांच्या बाजूला खोलगट खळ्या असतात. सूज कुठे आहे ते बघा. टेंडनच्या मधोमध गव्हाच्या दाण्यासारखी लांबट फुगवटी असेल तर मधल्या भागाची टेंडिनोपथी. दोन्ही बाजूंच्या खळ्या भरून आल्या असतील तर बर्सा किंवा पॅराटेनॉन. टाचेच्या मागे, बहुधा जरा बाहेरच्या बाजूला, हाडाचा उंचवटा असेल तर हॅगलुंड. तो उंचवटा आणि बुटाची मागची कड एकमेकांशी जुळवून बघा. कडेच्या आतलं अस्तर घासून फाटलेलं असतं, नेमकं त्याच उंचीवर.

दोन्ही बाजूंना टेंडनवर टणक, न दुखणाऱ्या गाठी असतील तर त्या झॅन्थोमा, म्हणजे कोलेस्टेरॉल साचून झालेल्या गाठी, असू शकतात. हात आणि कोपरंही बघा आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगा. घराण्यातून आलेल्या वाढीव कोलेस्टेरॉलची पहिली खूण अशी टाचेमागे दिसू शकते, आणि ती वेळेत ओळखली तर हृदयविकार टाळायला मदत होते.

नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली पोटरीचा घेर दोन्ही बाजूंना मोजा. दुखरी बाजू बारीक असेल तर दुखणं जुनं आहे. दुखरी बाजू ३ सेंमीहून जास्त मोठी, दाबून दुखणारी आणि गरम असेल तर थांबा आणि रक्तवाहिनीतल्या गुठळीचा विचार आधी करा.

तुटली आहे का?

अकिलीस तुटलेल्या दर चार-पाच पेशंटपैकी एकाचं निदान पहिल्या भेटीत निसटतं. त्यांना ‘पाय मुरगळला’ म्हणून क्रेप बँडेज आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं जातं. सहा आठवड्यांनी ते लंगडत परत येतात, तोवर टोकं दूर सरकलेली असतात आणि साधी दुरुस्ती अवघड झालेली असते. का निसटतं ते समजून घ्या. शीर तुटली तरी माणूस चालतो. बसून पाऊल खाली दाबायला सांगितलं तर तेही जमतं, कारण टिबियालिस पोस्टीरियर, अंगठ्याचा आणि बोटांचा वाकवणारा स्नायू आणि बाहेरचे पेरोनियल स्नायू शाबूत असतात. ‘पाऊल हलतंय, म्हणजे शीर ठीक आहे’ ही या तपासणीतली सर्वांत महागडी चूक आहे.

पेशंटला पालथं झोपवा, पावलं कडेबाहेर. क्रम असा ठेवा:

१. हात न लावता बघा. चांगल्या पावलाचा चवडा आपोआप नडगीपासून थोडा लांब झुकलेला असतो. तुटलेल्या बाजूचं पाऊल सरळ खाली लोंबतं, जमिनीशी काटकोनात.

२. ‘दोन्ही गुडघे वाकवून पावलं छताकडे करा’ असं सांगा. ही मॅटल्स चाचणी. गुडघा ९० अंशांत असताना चांगल्या पावलाचा चवडा वर उचललेला राहतो. तुटलेल्या बाजूचा चवडा सपाट होतो किंवा नडगीकडे कलतो. दुखापत जुनी असली तरी ही खूण टिकते, म्हणून महिन्याभराने आलेल्या पेशंटमध्ये हिच्यावर जास्त भर द्या.

३. पोटरी दाबा. सिमंड्सने १९५७ मध्ये आणि थॉम्पसनने १९६२ मध्ये वर्णन केलेली ही चाचणी आधी चांगल्या पायावर करा, म्हणजे पेशंटची भीती जाते आणि तुम्हाला तुलनाही मिळते. पोटरीच्या सर्वांत रुंद भागाच्या किंचित खाली, आतून आणि बाहेरून, तळहाताने सावकाश दाबा. चांगल्या बाजूचं पाऊल खाली झुकतं. शीर पूर्ण तुटली असेल तर ते हलत नाही.

४. टेंडनवरून तर्जनी वरून खाली फिरवा. २ ते ६ सेंमीच्या पट्ट्यात बोट खड्ड्यात जातं का? पहिल्या काही तासांत खड्डा स्पष्ट लागतो. नंतर रक्त आणि सूज तो भरून टाकतात, म्हणून खड्डा न लागणं हा शीर शाबूत असल्याचा पुरावा नाही.

पोटरी दाबण्याची चाचणी चांगली आहे, पण ती फसते ते तीन-चार कारणांनी. पेशंटने पाऊल स्वतःच आवळलेलं असतं. बोटांच्या टोकांनी फार खोल दाबलं तर आतले स्नायू ओढले जाऊन पाऊल थोडं हलतं. प्लँटारिस शाबूत असेल तर बारीकशी हालचाल दिसते. जुन्या दुखापतीत मध्ये व्रणाची ऊती भरलेली असते, तीही थोडा ओढा पोचवते. म्हणून ‘हललं की नाही’ एवढंच बघू नका, ‘चांगल्या बाजूइतकं हललं का’ हे बघा.

सुजेमुळे दाबणं शक्य नसेल तर बीपीचा पट्टा कामाला येतो. पालथं झोपवून गुडघा ९० अंश वाकवा, पट्टा पोटरीच्या मध्यावर बांधा, पाऊल खाली झुकलेलं असताना १०० पर्यंत फुगवा. मग तळव्यावर हात ठेवून पाऊल हळूच नडगीकडे ढकला. शीर शाबूत असेल तर पारा १४० च्या आसपास चढतो. तुटली असेल तर जागचा फारसा हलत नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत निदानासाठी चारपैकी दोन खुणा पुरेशा धरल्या आहेत: पोटरी दाबण्याची चाचणी, पाऊल खाली दाबण्याची कमी झालेली ताकद, हाताला लागणारा खड्डा आणि पाऊल वर ढकलल्यावर वाढलेली हालचाल. दोन सापडल्या की पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत प्लास्टरचा स्लॅब लावा, त्या पायावर भार नको म्हणून सांगा आणि त्याच दिवशी ऑर्थोपेडिक सर्जनकडे पाठवा. ऑपरेशन करायचं की पाऊल आधाराच्या बुटात ठेवून शीर जोडू द्यायची हे ते ठरवतील, पण दोन्ही मार्गांना लवकर सुरुवात लागते. पेशंटला गुठळीच्या खुणाही समजावून सांगा: पोटरी एकदम ताठरणं, छातीत दुखणं, धाप लागणं.

बोटाने जागा शोधणं

शीर शाबूत आहे हे ठरलं, आता खरं काम. पेशंट पालथाच राहू द्या. आधी त्याला सांगा: ‘एका बोटाने दाखवा, सगळ्यात जास्त कुठे दुखतं.’ पूर्ण तळहाताने टाच चोळून दाखवणारा पेशंट आणि एका बिंदूवर बोट ठेवणारा पेशंट यांचं दुखणं सहसा वेगळं असतं.

मग तुमची चिमटी. अंगठा एका कडेला, तर्जनी दुसऱ्या कडेला, आणि टेंडन बाजूंनी दाबत हाडाच्या रेघेपासून एकेक सेंटीमीटर वर चढा. मागून सरळ दाबू नका. मागून दाबलं की कातडी, मागची पिशवी, टेंडन आणि समोरची चरबी सगळं एकदम दाबलं जातं आणि काय दुखलं ते कळत नाही. दाब दोन्ही पायांना सारखा द्या. तुमच्या नखाचं टोक पांढरं पडेल इतका पुरतो. निरोगी टेंडनही जोराने चिमटली की दुखते, म्हणून चांगल्या बाजूशी तुलना केल्याशिवाय ‘दुखतं’ असं लिहू नका. कमाल दुखऱ्या जागी पेनाने ठिपका द्या, रेघेपासूनचं अंतर मोजा.

ठिपका २ ते ६ सेंमीवर आणि तिथे टेंडन जाडही लागते: मधल्या भागाची टेंडिनोपथी. पेशंटने स्वतः तीच जागा दाखवलेली असेल आणि तुमच्या चिमटीतही तीच दुखली, तर निदान बऱ्यापैकी पक्कं आहे. बाकीच्या चाचण्या त्यावर शिक्कामोर्तब करायला.

ठिपका २ सेंमीच्या आत, हाडावर किंवा हाडाला लागून: चिकटण्याच्या जागेची टेंडिनोपथी. हिच्यात पाऊल वर खेचलं की टेंडन हाडाच्या कोपऱ्यावर दाबली जाते. म्हणूनच उकिडवं बसल्यावर किंवा चढावर हिचं दुखणं वाढतं आणि पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडण्याचा व्यायाम हिला चिघळवतो. अंतर मोजण्याचा एवढा आग्रह यासाठीच आहे.

टेंडन चिमटीत दुखत नाही, पण तिच्या पुढे, हाडाच्या वर, दोन्ही खळ्यांत अंगठा-तर्जनी घालून दाबल्यावर पेशंट पाय ओढून घेतो: रेट्रोकॅल्केनियल बर्सा. चिकटण्याच्या जागेचं दुखणं आणि हा बर्सा अनेकदा जोडीने येतात. दोन्ही लिहा.

टेंडनवर हात ठेवून पेशंटला पाऊल वर-खाली करायला सांगितलं की बोटांना करकर लागते, कोरड्या बर्फावर पाऊल पडल्यासारखी, किंवा तळहातावर मक्याचं पीठ दाबल्यासारखी: पॅराटेनॉनची सूज. नव्याने धावायला लागलेल्यांत, दुखणं ताजं असताना हे सापडतं.

दोन छोट्या चाचण्या इथेच उरकायच्या. पहिली पेनफुल आर्क. जाड झालेल्या गाठीवर बोट ठेवा आणि पाऊल वर-खाली करायला लावा. गाठ आणि दुखरी जागा पावलाबरोबर सरकली तर दोष टेंडनमध्ये. जागची हलली नाही तर पॅराटेनॉनमध्ये. दुसरी रॉयल लंडन हॉस्पिटल टेस्ट. पाऊल किंचित खाली असताना दुखरा बिंदू दाबा, मग पेशंटला चवडा पूर्ण वर ओढायला सांगा आणि तोच बिंदू तेवढ्याच जोराने पुन्हा दाबा. ताणलेल्या अवस्थेत दुखणं कमी झालं किंवा गेलं तर चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे दोष टेंडनमध्ये. या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या तर विश्वास ठेवण्याजोग्या आहेत. पण टेंडिनोपथी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांत त्या निगेटिव्हच येतात, म्हणून निगेटिव्ह निकालावरून पेशंटला मोकळं करू नका. नवख्यांचं पॉझिटिव्हही चुकतं ते दाब बदलल्यामुळे. चवडा वर घेतला की टेंडन टणक होते आणि नकळत आपण दाब हलका करतो.

भार देऊन बघणं

टेंडनचं दुखणं भाराबरोबर चढतं आणि पसरत नाही, बोटाने दाखवलेल्या जागीच राहतं. हे तपासायला पायऱ्या चढवा: दोन्ही पायांच्या चवड्यांवर दहा वेळा, मग एका पायाच्या चवड्यावर, मग जागेवर लंगडी. ज्या पायरीवर दुखणं १० पैकी ५ च्या पुढे जाईल तिथे थांबा. बसून राहणाऱ्या साठीच्या मावशींना लंगडी घालायला लावण्यात अर्थ नाही. आणि रोज १० किमी धावणाऱ्या मुलाची तपासणी दोन पायांच्या चवड्यांवर थांबवली तर त्याचं दुखणं सापडणारच नाही.

एका पायावर मोजणी करताना नियम पक्के ठेवा. भिंतीला फक्त बोटांची टोकं, गुडघा सरळ, मोबाइलवरचा मेट्रोनोम लावून दोन सेकंदांत एक वर-खाली, उंचीचा आधार म्हणून टाचेखाली दर वेळी ५ सेंमी तरी जागा. गुडघा वाकला, अंग पुढे झुकलं, उंची निम्मी झाली की मोजणं थांबवा. तरुण, निरोगी माणूस साधारण २५ करतो. वयाने हा आकडा उतरतो, त्यामुळे दोन पायांमधला फरक जास्त महत्त्वाचा. एकदाही टाच उचलता आली नाही आणि दुखतही फारसं नाही, असं झालं तर मागे जा आणि तुटल्याच्या चाचण्या पुन्हा करा. जुनी तुटलेली शीर अशीच सापडते.

घोट्याची हालचाल

भिंतीकडे तोंड, पाऊल सरळ, टाच जमिनीला टेकलेली, गुडघा भिंतीला लावायचा. टाच न उचलता अंगठा भिंतीपासून किती सेंमी मागे जातो ते मोजा. दोन बाजूंत २ सेंमीचा फरक दखल घेण्याजोगा. टाच उचलली जाते आहे का हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून टाचेखाली कागदाची पट्टी ठेवून ती धरा. पट्टी सुटली की टाच उचलली गेली.

मग उताणं झोपवून पाऊल वर ढकला, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. सरळ असताना अडतं आणि वाकवल्यावर मोकळं होतं तर गॅस्ट्रोक्नेमियस आखूड आहे. दोन्ही स्थितींत अडतं तर सोलियस, टेंडन किंवा खुद्द घोट्याचा सांधा. टाच किंचित आत वळवून धरा, नाहीतर पाऊल मध्यातून सपाट होतं आणि खोटी हालचाल मोजली जाते.

दुसरंच काही असेल तर

नऊ ते तेरा वर्षांचं खेळणारं मूल, टाचेचं हाड दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखतं: सेव्हर, म्हणजे टाचेच्या हाडाच्या वाढत्या भागाचं दुखणं. मुलांत अकिलीसची टेंडिनोपथी क्वचितच असते. मोठ्या माणसात याच दाबण्याने दुखलं आणि धावणं नुकतंच वाढवलं असेल तर टाचेच्या हाडाचा स्ट्रेस फ्रॅक्चर मनात आणा.

पाऊल झटक्याने पूर्ण खाली ढकलल्यावर टेंडनच्या पुढे, खोलवर दुखतं: घोट्याच्या मागची चिमट. नृत्य करणाऱ्यांत आणि वेगवान गोलंदाजांत हे दिसतं. अंगठा वर-खाली करताना आतल्या बाजूला दुखत असेल तर अंगठ्याची शीर तपासा.

पोटरीच्या मध्यावर, आतल्या बाजूला, एकदम चमक येऊन काळंनिळं पडलं: गॅस्ट्रोक्नेमियस फाटला, टेंडन शाबूत. बाहेरच्या कडेला ठोकल्यावर पावलाच्या करंगळीकडे मुंग्या गेल्या: सुरल नर्व्ह. घोट्याचा रिफ्लेक्स गेलेला, पाय सरळ उचलल्यावर कमरेतून चमक: एस-१ नसेचा त्रास. एका पायावर चवडा उचलता न येणं या पेशंटमध्येही दिसतं, म्हणून हॅमर दर वेळी वापरा.

सोनोग्राफी कधी

शीर तुटल्याची शंका मिटत नसेल, हॅगलुंड किंवा हाडाचा तुकडा सुटल्याचा संशय असेल, किंवा तीन महिने नीट व्यायाम करूनही काहीच फरक नसेल तेव्हा. पहिल्या दोन गोष्टींत एक्स-रेही लागतो. टाचेच्या हाडाचा वरचा तुकडा सुटून मागची कातडी आतून ताणली जाऊन पांढरी पडली असेल तर वेळ घालवू नका, काही तासांत कातडी मरू शकते. लक्षात असू द्या, काहीच न दुखणाऱ्या धावपटूंच्या टेंडनमध्येही सोनोग्राफीत बदल दिसतात. रिपोर्टमधला शब्द आणि तुम्ही पेनाने दिलेला ठिपका जुळत असेल तरच त्याला महत्त्व.

केस पेपरवर काय लिहायचं

‘टाचदुखी, उजवी’ एवढ्यावर पुढच्या माणसाला काहीच करता येत नाही. असं लिहा: ‘उजवी अकिलीस, कमाल दुखरी जागा हाडापासून ४ सेंमी वर, आतल्या कडेला जास्त. जाडी डाव्यापेक्षा जास्त. गाठ पावलाबरोबर सरकते. पोटरी दाबल्यावर दोन्ही पावलं सारखी झुकतात. सकाळचा आखडलेपणा १५ मिनिटं. एका पायावर चवडे: डावीकडे २४, उजवीकडे ११, दुखणं ४/१०. भिंतीपासून: डावीकडे १० सेंमी, उजवीकडे ८. फ्लुरोक्विनोलोन: नाही. मधुमेह: तपासायचा.’ जमलं तर व्हिसा-ए ही आठ प्रश्नांची, १०० गुणांची प्रश्नावली भरून घ्या. मात्र ती निदानासाठी नाही, त्रास किती आहे आणि तो उतरतोय का हे मोजण्यासाठी आहे.

पुढच्या भेटी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने ठेवा. त्या वेळी सगळी तपासणी पुन्हा करायची गरज नाही. सकाळची मिनिटं, चवड्यांची संख्या आणि त्या वेळचं दुखणं, हे तीन आकडे त्याच पद्धतीने, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी घ्या. टेंडनची जाडी आणि दाबल्यावरचं दुखणं बरेच महिने रेंगाळतं, आणि ‘गाठ अजून आहेच’ म्हणून पेशंट घाबरतो. त्याला त्याचे मागचे आणि आजचे आकडे शेजारी लिहून दाखवा.